अंगावरच्या लाटा माझ्या नाहीत

मित्रांनो, मला हात लावायच्या आधी तो पुसून घ्या बघू. ओल्या हाताचा मला भारी राग येतो. पाण्याचा एक थेंब पडला तरी तिथली लाट कायमची पुसली जाते, आणि माझ्याजवळ लाटांखेरीज आता उरलंय काय? कड विरली, गळ्याशी कसरीनं भोकं पाडली, काखेतली शिवण केव्हाच उसवली. अंकारा शहरच्या लांब केसांच्या शेळ्यांची लोकर, तिचं विणलेलं कापड आणि त्या कापडाचा शिवलेला झगा, असा मी. आता पेटीच्या तळाशी पडून असतो. वर्षातून एकदा मला उन्हात टाकतात, तेवढीच माझी हवापालट.

माझ्या जातीच्या कापडाला अरब व्यापारी ‘मुखय्यर’ म्हणत. मुखय्यर म्हणजे निवडलेला, वेचून बाजूला काढलेला. हा शब्द उंटावर बसून बंदराला गेला, तिथून जहाजात चढला आणि नव्यानव्या जिभांवर झिजत गेला. इंग्रजांनी त्याचं मोहेर केलं, फ्रेंचांनी मुआर केलं. पुढे तर कापड राहिलं बाजूला आणि त्याच्यावरच्या लाटांनीच ते नाव बळकावलं. आज रेघांवर रेघा जराशा तिरक्या पडल्या आणि मध्येच पाण्यासारखं काही हलताना दिसलं, की शिकलेली माणसं त्याला ‘मुआरे’ म्हणतात. खोटं वाटत असेल तर दोन कंगवे एकावर एक धरा आणि वरचा किंचित फिरवा. दिसली लाट? आता सांगा, ती वरच्या कंगव्यात आहे की खालच्या? कुठल्याच नाही. एकट्याला लाट येत नाही, मित्रांनो. ती दोघांच्या मध्ये असते.

निवडलेला, असं नाव मिळाल्यावर कुणीही मिरवेल. मीही मिरवलो. पण खरं सांगू का? अजूनही कुणी माझं कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि माझ्याहून जास्त जिला झालं, तिचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

तिचं नाव रुकिये. किल्ल्याखालच्या चढावर तिचं मातीचं घर होतं. घराला धड अशी एकच खिडकी, आणि त्या खिडकीपाशी माग. नवरा वारला होता. मुलगा इलियास खेचरांच्या तांड्याबरोबर कापडाचे गठ्ठे घेऊन इझमिरच्या बंदरात जाई, तो महिनेच्या महिने परतत नसे. घरात रुकिये आणि तिची सून, दोघीच. सुनेचं नाव दोन्दू. दोन्दू म्हणजे ‘फिरली’. तिच्या बापाला मुलीमागून मुलीच झाल्या, तेव्हा आता तरी नशीब फिरू दे म्हणून त्यानं हिचं नाव दोन्दू ठेवलं. नशीब काही फिरलं नाही, हिच्या पाठीवर पुन्हा मुलगीच झाली. हे दोन्दू स्वतःच सांगायची आणि स्वतःच हसायची.

रुकियेचा हात म्हणजे काय विचारता! सूर्य एखादे दिवशी उगवायचा विसरेल, पण तिच्या फणीचा ठोका चुकणार नाही. आडव्या धाग्याच्या बारीक रेघा अशा सरळ पडत, की बोट फिरवलं तर कुठे अडत नसे. पेठेतल्या आया मुलींना सांगत, विणावं तर रुकियेसारखं.

आमच्या पेठेची एक रीत होती. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कारागिरांची पंचायत सगळ्यांची कापडं मांडून बघायची आणि त्यातलं एक निवडायची. त्याच्यावर ‘मुखय्यर’ असा शिक्का बसे, आणि ज्या घरचं ते कापड, त्या घरच्या एकाला पंचायत आपल्या पैशाच्या पेटीतून हजला पाठवी. रुकियेनं नवऱ्याला मरताना शब्द दिला होता, की तुझ्या वाटचीही मक्का मी बघून येईन. त्या एका शब्दापायी तिनं सारी उमेद मागावर लावली होती. पण दर वर्षी तिचं कापड माघारी येई. पंचायतीचा प्रमुख, त्याला सगळे शेख म्हणत, हळहळून म्हणे की काम एक नंबर आहे, पण याला पाणी नाही. लाटांना आमच्याकडे पाणी म्हणतात. रुकिये घरी येऊन स्वतःला दोष देई, कुठेतरी रेघ हललीच असणार. आणि पुढच्या वर्षी आणखी सरळ विणे. बिचारीला कळत नव्हतं की तिचं नेमकं तिथंच चुकत होतं.

त्या वर्षी हिवाळ्यात मला मागावर चढवलं. माझा पहिला अर्धा भाग रुकियेनं विणला. तो म्हणजेच मी, आज तुमच्याशी बोलतोय तो. मग एका सकाळी बर्फावरून पाय घसरला आणि तिचा खांदा धरला. हात वर होईना. ती अंथरुणाला खिळली आणि माग थांबला.

दोन्दूनं कुणाला न विचारता धोटा हातात घेतला. सासूची मक्का या कापडात अडकली आहे हे तिला ठाऊक होतं. पण तिचा हात पडला मनाबरोबर चालणारा. गुणगुणायला लागली की ठोका हलका पडे. इलियासची आठवण आली की एकदम घट्ट. वाळकी तुती तोंडात टाकली की हात तेवढा थबके. ती माझ्याशी बोलायचीसुद्धा. आज चुलीनं फार धूर केला बघ, म्हणायची. शेजारची कोंबडी आपल्या अंगणात अंडं घालून गेली, आता परत द्यायचं की खायचं, म्हणायची. रुकिये विणताना मी ताठ बसलेला असे. दोन्दू विणायला लागली की मला गुदगुल्या व्हायच्या. उरलेला अर्धा भाग असा हसतखेळत झाला.

खांदा जरा सुटल्यावर रुकिये उठून मागापाशी आली आणि तिनं कापडावर तळवा फिरवला. माझ्यावरून तो सरळ गेला. दोन्दूच्या भागावर जागोजागी अडखळला. नेमकी तेव्हाच शेजारीण फितनत वाडग्यात गरम सूप घेऊन आली होती. फितनत म्हणजे आमच्या गल्लीचं वारं, इकडची गोष्ट तिकडे पोचवायला तिला उंबरठा लागत नसे.

“हे काय केलंयस?” रुकिये म्हणाली. “कापड आहे का नांगरलेलं रान?”

“आई, तुमचा खांदा दुखत होता. मी म्हटलं, वेळ जायला नको...”

“तू म्हटलंस. आणि माझं इतक्या वर्षांचं नाव मातीत घातलंस.”

फितनतनं लगेच तेल ओतलं. गावाकडच्या पोरींना शेळ्या राखायला सांगाव्यात बाई, मागाला हात लावू देऊ नये. दोन्दूनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. दुसऱ्या दिवशी रुकियेनं एका खेचरवाल्याबरोबर तिला डोंगरापलीकडच्या माहेरी पाठवून दिलं. शिदोरी भरपूर दिली, उगाच का खोटं बोलू. पण दारात सांगितलं, की हात सरळ झाला की ये.

आता सहाक उस्ताकडे, म्हणजे दाबाच्या कारागिराकडे, चला. सहाक अर्मेनियन होता, पेठेतला दाब त्याचा. आमची कापडं आधी साबणात उकळतात, मग ओढ्यावर धुतात आणि शेवटी दाबाला आणतात. तिथं कापड जरासं ओलवून मधोमध दुमडतात, अर्ध्यावर अर्धं, तोंडाला तोंड लावून. वरखाली तापवलेल्या लोखंडी पाट्या ठेवतात आणि लाकडी दाब आवळत नेतात. रुकियेला दोन्दूचा भाग कापून टाकायचा होता. पण मग दुमडायला जोडीच राहिली नसती, आणि नवीन विणायला सवड नव्हती. चोरासारखं तोंड लपवत ती मला घेऊन गेली.

मित्रांनो, त्या दाबाची याद काढली की अजून माझी लोकर ताठ होते. श्वास कोंडला. माझ्या सरळ रेघा आणि माझ्या जोडीदाराच्या वाकड्यातिकड्या रेघा एकमेकींत रुतल्या. कुठे रेघ रेघेवर चढली आणि चपटी झाली, कुठे चुकवून बाजूला सरकली आणि तशीच राहिली. थंड झाल्यावर सहाकनं दाब सैल केला आणि मला उलगडलं.

दाराशी पंचायतीची माणसं आपापल्या कामानं उभी होती. ती वळून बघायला लागली. सहाकनं मला उजेडात जरा हलवलं तर नदीच्या पात्रावर वारा फिरावा तशा लाटा माझ्या अंगावरून सरकल्या. शेख जवळ आला. त्यानं मला हातात घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. लोक रुकियेला मुबारक म्हणायला लागले.

सहाक तिच्या शेजारी आला आणि थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं हलक्या आवाजात म्हणाला, “रुकिये बाजी, अर्धं कापड तुझं आहे, ते मी डोळे मिटून ओळखीन. दुसरं अर्धं कुणाचं?”

रुकियेनं त्याच्याकडे बघितलं. तिला त्याच क्षणी सगळं कळलं होतं. दोन्ही बाजू सरळ असल्या की रेघेत रेघ बसते आणि नुसती चकाकी येते. एक बाजू सरळ चालावी, दुसरीनं भटकावं, तेव्हा कुठे पाणी उतरतं. इतकी वर्षं ती जिवाचा आटापिटा करून पाणीच पुसत आली होती. आणि जिनं ते आणलं तिला तिनं घराबाहेर काढलं होतं.

“माझंच,” ती म्हणाली. “खांदा दुखत होता ना, म्हणून हात हलला.”

“असं होय,” सहाक म्हणाला आणि फडक्यानं हात पुसत आत गेला.

तिला तेव्हा तोंड असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःची समजूत घालतो. पण तोंड होतंच की. तोंड मलाच नव्हतं. मी निवडला गेलो आणि माझ्यावर शिक्का बसला.

रीतीप्रमाणे मला मधोमध कापलं. दोन्दूनं विणलेला भाग शिक्क्यासकट हलब शहरच्या व्यापाऱ्याकडे गेला, म्हणजे पुढे समुद्रापारही गेला असेल. त्याची खबर मला पुन्हा मिळाली नाही. माझा भाग रुकियेला परत दिला, तिनं त्याचा झगा शिवून हजच्या वाटेवर घालावा म्हणून. तेव्हा आता समजलं ना? मी सरळ विणलेला. माझ्या अंगावर जे हलतं ते त्याच्या वाकड्या रेघांचं देणं आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी.

रुकियेनं मला घातलं आणि पहिल्याच दिवशी गल्लीतल्या बायका गोळा झाल्या. कुणी बाही धरून बघे, कुणी गालाला लावे. एकीनं विचारलं, बाई, हा हात तुम्हाला कुठून मिळाला? रुकिये घरी आली आणि जेवली नाही. पुढे बाजारात जाताना ती मला उलटा घालायला लागली. कुणी विचारलंच तर सांगे, धुळीनं खराब होतो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. उलट्या बाजूला लाटा नव्हत्या, तिथं मी साधंसुधं कापड होतो. खरं सांगतो, मलाही तेच बरं वाटायचं.

उन्हाळा सरत आला तेव्हा इलियास परतला. बायको कुठे म्हणून त्यानं विचारलं. रुकियेनं एवढंच सांगितलं की माहेरी गेली आहे. तो तसाच डोंगरापलीकडे गेला आणि एकटाच परत आला. आईसमोर उभं राहून त्यानं बायकोचे शब्द जसेच्या तसे ठेवले. ज्यांनी पाठवलं त्यांनी बोलवावं. एवढं बोलून तो खेचरांना चारा घालायला निघून गेला.

हजचा तांडा निघायची वेळ जवळ आली. आमच्यात हजला जाणाऱ्यानं सगळ्यांकडून हलाल मागून घ्यायचं असतं. दारोदार जाऊन म्हणायचं, तुमचा माझ्यावर काही हक्क राहिला असेल, मी कधी दुखवलं असेल, तर सोडा. समोरच्यानं ‘हलाल असो’ म्हटलं की ते ओझं उतरलं. इमाम सांगायचा, देवाचे अपराध देव पोटात घालतो, पण माणसाचा हक्क त्या माणसानंच सोडावा लागतो, त्यात देवही पडत नाही.

रुकिये सगळ्या गल्लीतून फिरली. कुठे उसनं नेलेलं बुल्गुर, म्हणजे गव्हाची भरड, होतं, कुठे गच्चीवरच्या वाळवणावरून झालेलं भांडण होतं. सगळ्यांनी हसत हसत हलाल म्हटलं. फितनतनंही म्हटलं, पण टोचल्याशिवाय राहील ती फितनत कसली. दाराला टेकून म्हणाली, “सगळ्या जगाचं हलाल गोळा केलंस. घरातल्या एकीचं तेवढं राहिलं वाटतं.”

रुकियेनं घरी येऊन द्राक्षाच्या काकवीचा एक घडा भरला आणि खेचरवाल्याबरोबर दोन्दूकडे पाठवला. सोबत निरोप दिला की मी हजला निघाले आहे, माझ्यावर काही हक्क असेल तर हलाल कर. खेचरवाला परत आला तो रिकामा घडा आणि उत्तर घेऊन. सगळं हलाल आहे, आई, सुखानं जाऊन या.

तुम्ही म्हणाल, सुटली बिचारी. उलट झालं.  ज्या गोष्टीचं हलाल मागितलं ती गोष्टच तिनं सांगितली नव्हती. आंधळ्याच्या हातून नाणं काढून घ्यावं आणि मागाहून त्याच्याकडून आशीर्वाद मिळवावा, तशातली गत. नमाजाला बसली तरी तिचा हात माझ्या बाहीवरून फिरत राही.

शेवटी तिनं इलियासला खेचर काढायला लावलं आणि मला अंगात घातलं. या खेपेला सुलटा.

दोन्दूचं माहेर गावाच्या टोकाला होतं. दाराच्या उजेडात माग मांडला होता आणि ती विणत बसली होती. सासूला बघून ती उठली, हाताचं चुंबन घेतलं, तो कपाळाला लावला आणि पाणी आणायला वळली. रुकियेनं तिला थांबवलं. ती बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. ज्या भागाला मी नांगरलेलं रान म्हटलं, त्याच्यामुळेच पाणी आलं. सहाकनं विचारलं तेव्हा मी माझंच म्हणाले. आता मी तुझ्या हाताच्या जिवावर मक्केला निघाले आहे. बोलताना तिचा आवाज हलला नाही, पण आतून तिच्या छातीचे ठोके मला लागत होते.

 मला वाटलं आता दोन्दू ओरडेल, रडेल, निदान दार तरी लावून घेईल. पण ती जवळ आली आणि तिनं माझी बाही उजेडात धरली.

“लाटा आल्या?” ती म्हणाली. “खरंच आल्या, आई?”

तिनं मला तोवर बघितलंच नव्हतं, मित्रांनो. सगळ्या शहरानं बघितलं, हलबच्या व्यापाऱ्यानं बघितलं, आणि जिच्या हातून मी घडलो तिनं नाही. ती मला इकडून तिकडे हलवत राहिली आणि लहान मुलासारखी हसत राहिली. मग सासूकडे वळून म्हणाली, “हलाल, आई. आईच्या दुधासारखं हलाल.”

आमच्याकडे याहून मोठी माफी नाही. रुकियेचे डोळे भरून आले. तिला वाटलं, सुटले. पण दोन्दूलाही तिला काही दाखवायचं होतं. तिनं सासूचा हात धरला, तिला मागापाशी नेलं आणि तिचा तळवा विणलेल्या कापडावर ठेवला.

“मीही बसून नव्हते राहिले,” ती म्हणाली. “बघा ना.”

रुकियेचा तळवा फिरला. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. कुठेही अडला नाही. दोन्दू उत्साहानं सांगत होती. सबंध उन्हाळा ती मागावर बसली होती. जी रेघ वाकडी जाई ती उसवून पुन्हा विणायची. तुती खाणं बंद केलं. गाणंही सोडलं, गाण्यानं हात भरकटतो म्हणून. आधी आधी फार जड गेलं, पण आता ठरवलं तरी चुकत नाही.

“झाला ना हात सरळ?” तिनं विचारलं. “आता येऊ ना घरी?”

 हलाल मागायला रुकियेपाशी कारण होतं, शब्द होता, रीत होती. याच्यासाठी कुठली रीत आहे? जे कापड बोलत होतं ते मुकं करून या पोरीनं तिच्यासमोर ठेवलं होतं, आणि तेही तिचं मन राखायला. ती एवढंच म्हणाली, “छान झालाय. चल घरी.”

दुसऱ्या दिवशी तांडा निघायचा होता. पंचायतीच्या दालनासमोर खेचरं उभी होती, सगळी पेठ निरोपाला लोटली होती. शेखनं हजला जाणाऱ्यांच्या वतीनं लोकांना विचारलं, यांच्यावरचा तुमचा हक्क हलाल आहे का? गर्दी एका आवाजात म्हणाली, हलाल. त्यावर रुकिये पुढे आली. म्हणाली, थांबा, आधी कशाचं हलाल देताय ते ऐका. आणि तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की ज्या हातानं पाणी आणलं तो माझा नव्हे, माझ्या सुनेचा.

गर्दीत कुजबूज झाली. शेख भला माणूस, त्याला म्हाताऱ्या बाईची बेअब्रू नको होती. तो म्हणाला की सुनेनं सोडलं ना, मग मिटलं, घरची गोष्ट घरात.

“तिनं सोडलं,” रुकिये म्हणाली. “पण शिक्का तुमचा होता. मी तुमच्याशीही खोटं बोलले.”

पेठेत कुणी खोटा माल खरा म्हणून खपवला की पंच त्याच्या पायातला जोडा काढून छपरावर फेकत. मग त्या माणसाच्या हातचं काम कुणी घेत नसे. शेख जागचा हलला नाही. दुसरंही कुणी पुढे येईना, तिच्या पायाला हात लावणार कोण? तेव्हा रुकियेनं वाकून स्वतःच आपला जोडा काढला आणि दालनाच्या छपराकडे भिरकावला. खांदा दुखरा, जोडा कौलांना लागून परत खाली आला. कुणी हसलं नाही. फितनतसुद्धा नाही. रुकियेनं तो उचलला, दुसऱ्या हातात घेतला आणि पुन्हा फेकला. या वेळी तो वर राहिला.

हजची जागा आता दोन्दूची आहे, असं शेख म्हणाला. दोन्दूनं सासूच्या उघड्या पायाकडे बघितलं. “आईंच्या पायात जोडा नाही,” ती म्हणाली. “त्यांना असं टाकून मी कुठं जाऊ?” आणि तिनं रुकियेला धरून चढावरून घरी आणलं. तांडा त्यांच्याशिवाय गेला.

रुकिये पुन्हा कधी मागावर बसली नाही. सून विणायची आणि ती शेजारी सूत काढत बसायची. मी खुंटीवरून बघायचो. म्हातारी मध्येच गाणं सुरू करी, सूर नसलेलं, सुनेनं उचलावं म्हणून. तिच्यापुढे तुतीचं वाडगं सरकवी. एकदा तर चक्क तिच्या कोपराला धक्का दिला. रेघ वाकडी गेली. दोन्दूनं हसून ती उसवली आणि सरळ विणली.

“राहू दे की गं वाकडी,” रुकिये म्हणाली.

“नाही हो जमत आता, आई. डोळ्यांना खुपते.”

रुकिये गेली तेव्हा इमामानं रीतीप्रमाणे विचारलं आणि सगळ्यांनी हलाल म्हटलं. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं दोन्दूनं. त्या म्हातारीला ते ऐकू गेलं असेल तर बरं. मला मात्र त्यानं हलकं वाटलं नाही. माफी मिळाली तरी तो हात काही परत आला नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात कुणाचा हात वाकडा चालताना दिसला, तर त्याला ओरडून सरळ करायची घाई करू नका. माणूस घाबरून सरळ होतो आणि मग त्याला वाकता येत नाही. मला जपा, ओलाव्यापासून दूर ठेवा, उन्हात हलवून लाटा बघा. फक्त कौतुक करायची वेळ आली की माझं करू नका. दोन्दूचं नाव घ्या.